थेंबभर रक्त आणि भिंतीवरचं घड्याळ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी सोलापुरात बालरोग विषयात एमडी करतोय. पीआयसीयूतल्या (मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या) सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या, मुलांमध्ये अमिकॅसिन या जंतुनाशक औषधाची रक्तातली पातळी मोजायची, असा प्रबंधाचा विषय ठरतोय. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) अजून एथिक्स कमिटीकडे गेलेलं नाही. गाईडचं म्हणणं, दर मुलामागे एका दिवसात सहा नमुने घ्यायचे, प्रत्येकी दोन मिली. परवा सात महिन्यांच्या, सहा किलोच्या बाळाचं रोजच्या तपासणीचं रक्त घेत होतो, तेव्हा त्याच्या आजी म्हणाल्या, 'आदीच लेकराच्या अंगात रगत न्हाई, आन् त्यातलंच काडताय व्हय?' मला काही बोलता आलं नाही. हे खरंच जास्त होतंय का? कमी रक्तात असा अभ्यास होतो का?"

उत्तर:

त्या आजींशी वाद घालू नका. हिशेब त्यांच्या बाजूचा आहे.

सहा किलोच्या बाळाच्या अंगात किलोमागे ७५ मिली धरलं तर ४५० मिली रक्त असतं. रक्तदान शिबिरात ५५ किलोच्या वरचा धडधाकट माणूस एका वेळी ४५० मिलीची पिशवी देतो आणि केळं-बिस्किट खाऊन कामाला जातो. त्या एका पिशवीत या बाळाचं अंगातलं सगळं रक्त मावेल. एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) एक किलोच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं तर उणंपुरं ९० मिली, म्हणजे सात रस्त्याच्या टपरीवर मिळणाऱ्या एका कटिंगएवढं. त्यात आपल्याकडची पोरं मुळातच पांढुरकी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६७ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. सीबीसीने, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीने, जे आकड्यात सांगितलं असतं तेच आजींनी बोलीत सांगितलं.

आता तुमचा आराखडा बघा. सहा वेळा दोन मिली म्हणजे १२ मिली, या बाळाच्या एकूण रक्ताच्या २.७ टक्के, आणि तेही एका दिवसात. मुलांवरच्या अभ्यासांसाठी युरोपात जी मर्यादा पाळतात ती अशी आहे: अभ्यासापोटी जाणारं रक्त चार आठवड्यांत एकूण रक्ताच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि एका वेळी १ टक्क्यापेक्षा जास्त नको. सहा किलोला हे होतात साडेतेरा आणि साडेचार मिली. तुम्ही महिन्याचा कोटा चोवीस तासांत संपवताय, आणि लाइनमधून (रक्तवाहिनीत बसवलेल्या नळीतून) नमुना घेताना जे रक्त आधी ओढून टाकून देतो ते यात धरलेलंच नाही. गाईडनी मोठ्या माणसांचा प्रोटोकॉल मुलांवर उतरवला आहे असं मला वाटतं. आमच्या पिढीने हे सर्रास केलं, म्हणून सांगते. त्यांच्याकडे हा हिशेब कागदावर मांडून जा. नुसतं "जास्त वाटतंय" म्हणू नका.

आणि ही ३ टक्क्यांची रेघ कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत जायची परवानगी समजू नका. ज्या मुलाला शॉक आहे, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलंय, ज्याचं हिमोग्लोबिन ७-८ वर आलंय, त्याच्या बाबतीत मी त्या रेघेच्या आसपासही फिरकू देत नाही. तुमच्या अभ्यासात सहा किलोच्या बाळाकडून सगळं मिळून १ मिलीच्या आत भागलं पाहिजे. भागतं. कसं ते सांगते, पण त्याआधी गळका नळ दुसरीकडे आहे तो बंद करा.

एखाद्या व्हेंटिलेटरवरच्या मुलाच्या पलंगाला एक कोरा कागद अडकवा आणि चोवीस तासांत सिरिंजमध्ये आलेला प्रत्येक थेंब त्यावर लिहा. चार एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासण्या. दर वेळी लाइनमधून एक मिली ओढून टाकलेलं, मग नमुन्याचं अर्धा ते एक मिली. सीबीसीसाठी अर्ध्या मिलीचा छोटा बल्ब (नमुन्याची बाटली) मिळतो, पण रात्री तो संपलेला असतो म्हणून मोठ्यांचा दोन मिलीचा बल्ब भरला. रसायनांच्या तपासणीला प्लेन बल्ब, तोही गळ्यापर्यंत. ब्लड कल्चर. आणि पहाटे लॅबमधून फोन, "सॅम्पल क्लॉट झालंय, परत पाठवा." बेरीज केलीत की दहा-बारा मिली सहज निघतील. त्या आजी ज्याबद्दल बोलल्या ते हेच रक्त होतं, तुमच्या प्रबंधाचं नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की सिनॉप्सिसमध्येच लिहा: पीआयसीयूत छोटे बल्ब कायम राहतील, लाइनमधून ओढलेलं पहिलं रक्त टाकून न देता बंद पद्धतीने, निर्जंतुक राहील असं, बाळाला परत दिलं जाईल, आणि प्रत्येक मुलाच्या रक्ताचा रोजचा जमा-खर्च ठेवला जाईल. एका मुलाचे रोजचे चार मिली वाचवलेत तर त्यातले पाव मिली अभ्यासाला मागताना तुमची मान वर राहील. एथिक्स कमिटीलाही हे पटतं, कारण तुमच्या अभ्यासात आल्यामुळे मुलाचं एकूण रक्त कमी जातं.

दुसरं, वेगळी सुई टोचू नका. मूल पीआयसीयूत आहे, त्याचं रक्त कशासाठी तरी निघणारच. त्याच वेळी अभ्यासाचे ०.२-०.३ मिली घ्यायचे, किंवा तपासणी झाल्यावर लॅबमध्ये उरलेलं वापरायचं. अमेरिकेतल्या पीडियाट्रिक ट्रायल्स नेटवर्कने याच मार्गाने, मुलांना नेहमीच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांचा अभ्यास केला. डॉक्टरांनी उपचार म्हणून जे दिलं ते दिलं, अभ्यासासाठी औषध बदललं नाही, आणि रक्त जमेल तेव्हा रोजच्या नमुन्यासोबत घेतलं. उरलेलं रक्त वापरणं सोपं दिसतं, पण त्याचीही परवानगी लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेतच, आणि संमती कुठे लागेल, कुठे माफ होईल हे समिती ठरवते, आपण नाही.

आता आजींचा न विचारलेला प्रश्न. रक्त घ्यायचंच कशाला? डोस पुस्तकात लिहिलेला नाही का?

लिहिलेला असतो, पण तो बऱ्याचदा मोठ्यांच्या डोसाला वजनाने भागून आलेला असतो. १९५० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल देत. बाळं राखाडी पडायची, पोट फुगायचं, रक्तदाब कोसळायचा आणि ती दगावायची. १९५९ साली ही गोष्ट नीट मांडली गेली. नवजात बाळाच्या यकृताला हे औषध ग्लुक्युरोनाइडशी जोडून बाहेर काढण्याची ताकद अजून आलेली नसते, त्यामुळे प्रत्येक डोस आधीच्या डोसावर चढत गेला. मोठ्या माणसाला भागाकार करून बाळ मिळत नाही, ते त्या लेकरांनी दाखवून दिलं. १९६८ मध्ये हॅरी शर्की यांनी अशा मुलांसाठी एक शब्द रूढ केला, औषधांच्या बाबतीत अनाथ झालेली मुलं. तेव्हापासून कायदे झाले, अभ्यास वाढले, तरी पीआयसीयूत आपण रोज जे देतो त्यातलं बरंच काही आजही त्याच भागाकारावर चालतं.

आजारी मुलात हे आणखी बिघडतं. नवजात बाळाच्या शरीरात सुमारे ७५ टक्के पाणी, मोठ्यांत ६० च्या आसपास. अमिकॅसिन पाण्यात पसरणारं औषध, त्यामुळे त्याला लहान बाळात पसरायला किलोमागे जास्त जागा मिळते. सेप्सिसमध्ये केशवाहिन्या गळतात, आपण वरून सलाईनचे बोलस, म्हणजे एकदम मोठे हप्ते, देतो, मूल सुजतं, जागा आणखी वाढते आणि पहिल्या डोसाचं शिखर हवं तितकं चढत नाही. जंतू मारायला नेमकं ते शिखरच लागतं. उलट मूत्रपिंड मंदावलं तर औषध साचतं आणि कानाला-किडनीला इजा होते. मूत्रपिंडाची रक्ततपासणी, क्रिएटिनीन, हे एक-दोन दिवस उशिरा सांगते. काही मुलांत सेप्सिसच्या सुरुवातीला मूत्रपिंड नेहमीपेक्षा जोरात चालतं, औषध भराभर निघून जातं आणि क्रिएटिनीन तर अगदी नॉर्मल दिसतं. शेजारशेजारच्या दोन पलंगांवर सारख्याच वजनाची, सारखाच डोस घेतलेली दोन मुलं असतात, एकाला औषध कमी पडतंय आणि दुसऱ्याला जास्त होतंय. बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून रक्त.

सहा नमुने कशाला हवेत हा गाईडचा मुद्दा मला समजतो. एका मुलाची औषधाची पूर्ण चढ-उतार रेषा काढायची तर तेवढे बिंदू लागतात. पण एकट्या मुलाची पूर्ण रेषा काढायची गरजच उरलेली नाही. सोलापूर-पुणे एसटीचं उदाहरण घ्या. बस कशी धावते हे कळायला एकाच माणसाने सोलापूरपासून स्वारगेटपर्यंत खिडकीत बसून नोंदी करायला हव्यात असं नाही. एका दिवशी कोणी मोहोळला उभं राहून दोन वेळा नोंदवल्या, दुसऱ्या दिवशी कोणी टेंभुर्णीला, तिसऱ्या दिवशी इंदापूरला, कोणी भिगवणला. बस वेगळी, ड्रायव्हर वेगळा, एखादा चहाला जास्त थांबणारा. अशा चाळीस-पन्नास दिवसांच्या नोंदी एकत्र केल्या की बस साधारण कशी धावते तेही कळतं आणि एका ड्रायव्हरपासून दुसऱ्यापर्यंत किती फरक पडतो तेही. हे गणित १९७० च्या दशकात लुईस शायनर आणि स्टुअर्ट बील यांनी औषधांसाठी उभं केलं, त्यांचं नॉनमेम हे सॉफ्टवेअर आजही वापरात आहे. याला पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक्स म्हणतात. प्रत्येक मुलाचे दोन किंवा तीन नमुने पुरतात, फक्त ते सगळ्या मुलांत एकाच वेळी घेऊ नका. कोणाचा डोस संपल्यावर अर्ध्या तासाने, कोणाचा तीन तासांनी, कोणाचा दहा तासांनी, कोणाचा पुढच्या डोसाआधी. वेळा विखुरलेल्या हव्यात. सोबत वजन, वय, क्रिएटिनीन, लघवीचं प्रमाण, किती सलाईन गेलं हे सगळं त्या गणितात जातं.

तीन नमुने, प्रत्येकी ०.३ मिली. एकूण ०.९ मिली, त्या बाळाच्या रक्ताच्या ०.२ टक्के. ०.३ मिली यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवल्या की सव्वाशे-दीडशे मायक्रोलिटर प्लाझ्मा, म्हणजे वरचा द्रव, हाती येतो. औषधाची पातळी मोजणाऱ्या एलसी-एमएस यंत्राला यातला थोडासाच लागतो. साध्या इम्युनोअसेच्या (प्रतिपिंडांच्या मदतीने औषध मोजणाऱ्या) यंत्रालाही प्रत्यक्ष चाचणीला काही मायक्रोलिटरच लागतात, मात्र कपाच्या तळाशी जे वाया जातं ते जास्त असतं. म्हणून लॅबच्या तंत्रज्ञाशी आधी बोला, त्यांच्याकडे लहान मुलांसाठीचा अरुंद कप आहे का विचारा, आणि रिकाम्या वेळात दोन नमुने चालवून बघा. "कमीत कमी दोन मिली पाठवा" हे कागदावरचं वाक्य अनेकदा तंत्रज्ञाच्या सोयीसाठी लिहिलेलं असतं.

एसटीच्या उदाहरणातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. मोहोळला उभ्या असलेल्या माणसाचं घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर? त्याची नोंद नसती तर बरं झालं असतं. ती बाकीच्यांचंही गणित बिघडवते.

आपल्या वॉर्डात नेमकं हेच होतं. ट्रीटमेंट शीटवर तीन वेळचं इंजेक्शन ६-२-१० असं लिहिलेलं असतं. सकाळी सहाला सही आहे म्हणजे औषध सहाला गेलं असं तुम्ही संगणकात भरता. प्रत्यक्षात पावणेसहाला अक्कलकोटहून झटके येणारं मूल आलं, सिस्टर एकटी, तिने आधी त्याला सांभाळलं, औषध सहा चाळीसला लावलं आणि सही रकान्यात, म्हणजे सहाच्या खाली केली. तिचं काही चुकलं नाही. तो तक्ता औषध दिलं की नाही हे सांगायला बनवलेला आहे, मिनिटं सांगायला नाही. पण तुमच्या अभ्यासात डोसानंतर "एक तासाने" घेतलेला नमुना खरं तर वीस मिनिटांचा निघतो. अमिकॅसिनच्या रेषेवर सुरुवातीचा उतार सर्वांत तीव्र असतो. तिथे चाळीस मिनिटांची चूक म्हणजे त्या मुलाचं पाव मिली रक्त वाया गेलं, आणि नुसतं वाया गेलं नाही, तर खोटं उत्तर द्यायला लागलं.

माझ्या शिकाऊ दिवसांत, दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयात, असा एक अभ्यास आम्ही वर्षभर चालवला. शेवटी आकडे मांडायला बसलो तर निम्म्याहून जास्त नमुन्यांच्या वेळा गोल होत्या: ८.००, १०.००, २.००. इतक्या नेमक्या वेळी पीआयसीयूत काहीही घडत नाही. लॅबने काम चोख केलं होतं, पातळ्या बरोबर होत्या, पण कोणत्या वेळच्या ते कोणाला सांगता येईना. तो अभ्यास टाकून द्यावा लागला. ज्या मुलांचं रक्त आम्ही घेतलं त्यातली काही पुढे वाचली नाहीत. त्यांच्या आईबापांनी आमच्यावर विश्वास ठेवून अंगठा उठवला होता. ते मी अजून विसरलेले नाही, आणि म्हणून रक्ताच्या आधी घड्याळाबद्दल इतकं बोलते.

तर असं करा. पीआयसीयूतलं भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटर, एबीजी यंत्र आणि लॅबचा संगणक, सगळ्यांच्या वेळा दर सोमवारी जुळवा. माझ्या अनुभवात त्यांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक हमखास सापडतो. औषध सुरू झालं ती वेळ, संपलं ती वेळ, लाइन फ्लश केली, म्हणजे सलाईनने धुऊन काढली, ती वेळ, रक्त निघालं ती वेळ, या चारही नोंदी ज्याच्या हातून काम झालं त्याने तिथल्या तिथे करायच्या. सिस्टरांवर हे टाकून तुम्ही लायब्ररीत जाऊ नका. रात्रीच्या पाळीत एका सिस्टरकडे किती मुलं असतात ते तुम्ही बघताच. त्या डोसाला स्वतः उभे राहा, आणि त्यांना अभ्यास कशासाठी आहे तेही नीट सांगा. एकदा कारण कळलं की आमच्या सिस्टर मिनिट लिहितात, इतकंच नाही, "डॉक्टर, पंप मध्ये पाच मिनिटं बंद होता" हेही लिहून ठेवतात.

"औषध संपलं" म्हणजे काय यातही एक खाच आहे. सहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलीग्रॅमने ९० मिलीग्रॅम अमिकॅसिन जातं. पातळ करून सिरिंज पंपाला लावलं तरी ते थोड्याच मिलीत असतं, आणि पंपापासून बाळाच्या हातापर्यंतच्या लांब एक्स्टेंशन लाइनच्या पोटात मिली-दीड मिली द्रव मावतो. पंपाने "पूर्ण" असा आवाज दिला तेव्हा डोसाचा मोठा हिस्सा नळीतच असू शकतो. कोणी फ्लश करेपर्यंत तो बाळाच्या अंगात गेलेलाच नसतो. तुम्ही अर्ध्या तासाने नमुना घेता, पातळी कमी येते आणि आपण निष्कर्ष काढतो की सेप्सिसमध्ये शिखर कमी चढतं. चढेल कसं, औषध नळीत होतं! फ्लश किती, किती वेगाने, हे प्रोटोकॉलमध्ये लिहा.

उलटी चूक याहून धोक्याची. ज्या लाइनमधून औषध गेलं तिथूनच नमुना काढला, की नळीच्या भिंतीला चिकटलेलं औषध नमुन्यात येतं, पातळी अफाट दिसते आणि कोणीतरी पुढचा डोस रोखतो. औषध एका हातात असेल तर रक्त दुसऱ्या हातातून किंवा आर्टरियल, म्हणजे धमनीतल्या, लाइनमधून. दुसरा मार्ग नसेल तर तो नमुना सोडून द्या.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कोणीतरी सुचवेलच: टाचेतून टोचून कागदावर थेंब घ्यायचा. रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ मध्ये फिनाइलकिटोन्यूरिया या जन्मजात आजारासाठी फिल्टर पेपरवरच्या वाळलेल्या थेंबाची चाचणी मांडली, आणि नवजात बाळांच्या तपासण्या आजही त्याच रीतीने होतात. औषधांच्या पातळीसाठीही हा कागद वापरतात. सोलापूरसारख्या ठिकाणी त्याचा मोह होणं साहजिक आहे. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि गोठवलेला प्लाझ्मा बर्फासकट पुण्याला किंवा मुंबईला पोचवणं म्हणजे परीक्षाच. वाळलेला कागद पाकिटात घालून, सोबत ओलावा शोषणारी पुडी टाकून पाठवता येतो.

पण दोन गोष्टी आधी बघा. रक्त किती दाट त्यावर थेंब कागदावर किती पसरतो ते ठरतं. दाट रक्त कमी पसरतं, पातळ रक्त जास्त. लॅबवाले कागदातून ठरावीक मापाची टिकली पाडतात, त्यामुळे रक्तक्षय असलेल्या मुलाच्या टिकलीत मुळात रक्तच कमी येतं आणि औषधाची पातळी खोटी कमी दिसते. पीआयसीयूत हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) २४ असलेलं मूल आणि ५५ असलेलं नवजात बाळ एकाच कागदावर मोजलं तर हा घोळ होणारच. यावर छोट्या टोकाने ठरावीक १०, २० किंवा ३० मायक्रोलिटर रक्त शोषून घेणारी नवी साधनं आली आहेत, त्यांनी हा दोष बराच कमी होतो. ती महाग आहेत. दुसरं म्हणजे, शॉकमधल्या मुलाचे हातपाय गार असतात. टाच दाबून-दाबून काढलेल्या थेंबात ऊतींमधलं पाणी मिसळतं, पेशी फुटतात, आणि त्या थेंबाची मुख्य रक्तप्रवाहाशी तुलना होत नाही. माझा सल्ला: तुमच्या अभ्यासात लाइन असलेली मुलंच घ्या, प्लाझ्माच मोजा, कागद नको.

प्लाझ्मा म्हटलं की वेग आला. बऱ्याच मुलांना अमिकॅसिनसोबत पिपरासिलिन हे दुसरं जंतुनाशक चालू असतं. पेनिसिलिनच्या गटातली ही औषधं नमुन्याच्या बल्बमध्ये पडून राहिली तर अमिकॅसिनच्या गटातल्या औषधांना, म्हणजे अमिनोग्लायकोसाइडना, निकामी करत राहतात. अमिकॅसिन त्या मानाने चिवट आहे, जेंटामायसिन-टोब्रामायसिन जास्त बळी पडतात, तरी नमुना लगेच फिरवून, प्लाझ्मा वेगळा करून गोठवायचा हा नियम ठेवा. मेरोपेनेमसारखं औषध तर खोलीच्या तापमानाला फार वेळ टिकत नाही, म्हणून पुढे कधी त्याचा अभ्यास घेतलात तर बर्फाची पेटी पलंगाशेजारीच लागेल. डीप फ्रीजरचा वीज गेल्यावर काय बंदोबस्त आहे, हे उन्हाळ्याआधी विचारून ठेवा. मुंबईत केईएमसारख्या ठिकाणी औषधांची पातळी मोजून उपचार करण्याची जुनी परंपरा आहे. पहिले काही नमुने अशा अनुभवी प्रयोगशाळेत पडताळून घेतलेत तर तुमच्या आकड्यांवर कोणी बोट ठेवणार नाही.

राहिली संमती. मूल दाखल झाल्याच्या पहिल्या तासात कागद पुढे करू नका. आई तेव्हा काहीही ऐकत नसते, सांगाल तिथे सही करते, आणि ती संमती नसते. मूल जरा स्थिर झालं की बसा, उभ्याने बोलू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून आलेल्या काही घरांत कन्नड. मराठी कागद वाचून दाखवला आणि त्यांनी मान डोलावली तर तेवढ्यावर थांबू नका, त्यांच्या भाषेत सांगणारं माणूस शोधा, आणि ते शक्यतो त्यांचा शेजारी-पाजारी नको. सात वर्षांच्या पुढचं मूल शुद्धीवर असेल तर त्यालाही त्याला कळेल असं सांगून विचारायचं असतं. घरात निर्णय कोणाचा चालतो तेही बघा. कायद्याने सही आई-वडिलांची, पण आजी नाही म्हणाली तर सून सही करून रात्रभर रडत बसते. मी आजीला पहिल्या खुर्चीवर बसवते.

आणि मिली-मायक्रोलिटर असं बोलू नका. इन्सुलिनच्या एक मिलीच्या सिरिंजमध्ये कुंकवाचं पाणी ०.३ मिलीपर्यंत ओढा आणि त्यांच्या हातात द्या. "एवढं, तीन वेळा, आणि तेही तपासणीला काढतानाच, वेगळी सुई नाही." मग जे खरं आहे ते सगळं सांगा. याचा उपयोग बहुधा तुमच्या बाळाला होणार नाही, पुढच्या बाळांना होईल. नाही म्हणालात तर उपचारात तिळमात्र फरक पडणार नाही. मध्येच नको वाटलं तर सांगा, आम्ही थांबू. एक फरक मात्र सांभाळा. उपचारासाठीच पातळी मोजायची असेल, म्हणजे लघवी कमी झालीय आणि अमिकॅसिन साचतंय का बघायचंय, तर तो अभ्यास नाही, ती त्याच दिवशी उत्तर मिळायला हवी अशी तपासणी आहे. दोन्हींचे कागद वेगळे ठेवा. उपचाराच्या नमुन्याचं उत्तर प्रबंधाच्या फायलीत अडकून पडलं असं कधीही होऊ देऊ नका.

परवानगी मिळाल्यावर पहिली पाच मुलं घ्या आणि थांबा. त्या पाचांचे कागद टेबलावर पसरा. प्रत्येक डोसाच्या चारही वेळा पंपाच्या नोंदीशी आणि एबीजीच्या छापील वेळेशी ताडून बघा, ओढून परत दिलेलं रक्त धरून प्रत्येकाचा जमा-खर्च मांडा, आणि गोल आकड्यांच्या वेळा मोजा. वेळा जुळत नसतील तर सिस्टरांसोबत बसून पद्धत बदला. ती जुळेपर्यंत सहाव्या मुलाचं रक्त घेऊ नका.